डोंगराच्या रेषेखालचा शुक्र

इथले जुने वाचक मला ओळखत असतील. कुणी लिहिलं की अमुक घाटात गाडीमागे दिवा लागला, तमुक माळावर उजेडाचा गोळा तरंगताना दिसला, की खाली पहिली कमेंट माझी असायची — "दिशा कोणती? वेळ काय? संध्याकाळी पश्चिमेला असेल तर शुक्र आहे. पुढे चला." तोच तो खवचट माणूस मी. माझ्यामुळे दोन-तीन जणांनी इथं लिहायचं सोडलं, असं अॅडमिननं मला एकदा कळवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं होतं… आणि आज मीच लिहायला बसलोय. हसा खुशाल.

माझं नाव विलास. राहायला नवलाख उंबरे, आणि शेजारच्याच एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. सव्वीस वर्षं झाली. काम एवढंच, की पार्ट हातात घ्यायचा आणि मोजायचा. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. मशीनवरचा माणूस आईची शपथ घेऊन सांगू दे, मी मोजल्याशिवाय ऐकत नाही. शिवाय आमचं घर बौद्धांचं. आजोबांच्या काळातच देव्हारा घराबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर नवस, अंगारे, उतारे सगळं गेलं. वडील म्हणायचे, भूत भेटलं तर आधी त्याच्याकडं रेशनकार्ड माग. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. हे मुद्दाम आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला तुमच्यात ओढायला बघाल.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी एक दुर्बीण घेतली. चांगली, स्टँडवर बसणारी. लोणावळ्यात बंगले भाड्यानं देणारा एक ओळखीचा आहे, तो सुट्टीच्या दिवशी कधीमधी बोलावतो. पार्टीला आलेल्या मंडळींना चंद्रावरचे खड्डे दाखवायचे, गुरूचे उपग्रह दाखवायचे. मंडळी हातात ग्लास घेऊन येतात आणि हमखास विचारतात, "अंकल, ते दोन चंद्र दिसतात ते कधी असतं?" म्हणजे तो फॉरवर्ड. दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो — मंगळ चंद्राएवढा दिसणार, चुकवू नका, पुन्हा आपल्या आयुष्यात दिसणार नाही. डोक्यात तिडीक जाते माझ्या. अहो, मंगळ चंद्राएवढा दिसायला लागला तर फॉरवर्ड करायला आपण शिल्लक राहणार नाही! आणि दुसरं म्हणजे, ऑगस्टात मावळात आकाश दिसतं कुठं? छत्रीतून डोकं बाहेर काढून बघा एकदा.

तर असा मी. आता मूळ गोष्टीकडे येतो.

मागे आमच्या पट्ट्यात ड्रोनची हूल उठली होती. आठवत असेल तुम्हाला. चोर ड्रोन उडवतात, कुठल्या घराला कुलूप आहे ते वरून बघतात, मग धाड घालतात. चोरी एकही झाली नाही, पण गावोगाव गस्ती सुरू झाल्या. काठ्या, शिट्ट्या, बॅटऱ्या. आमच्या गावाच्या मावळतीला डोंगराची एक लांब सोंड उतरलीय, तिच्यावर त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी एक झगझगीत ड्रोन यायचा. सात वाजता हजर, मग सावकाश खाली खाली सरकत डोंगरामागं उतरायचा. चोर वेळेचा भलताच पक्का होता. एरवी हीच माणसं पहाटे चांदणी उगवली की धारा काढायला उठणारी, आयुष्यभर शुक्र बघितलेली. पण ड्रोन एकदा डोक्यात बसला की चांदणी दिसेनाशी होते.

गस्तीचे म्होरके म्हणजे किसनआबा. आमच्या समोरचंच घर. सत्तरी ओलांडलेली, थोडी शेती, दोन म्हशी, आणि आवाज असा की वावरातनं बोलले तरी आम्हाला ओसरीत ऐकू यावं. माझं आणि त्यांचं रोज वाजायचं. मी म्हणायचो शुक्र आहे, ते म्हणायचे, "तू कंपनीतला मानूस, तुला त्येंनी फितवलंय." एक दिवस आबांनी गोफण काढली आणि शुक्रावर दगड भिरकावला. शुक्राला लागला नाही. शाळेच्या पत्र्यावर पडला. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी विचारलं तर आबा म्हणाले, ड्रोननं टाकला.

शेवटी मी अंगणात दुर्बीण लावली आणि गस्तवाल्यांना बोलावलं. शुक्राच्या तेव्हा कला दिसत होत्या, म्हणजे दुर्बिणीतून तो छोट्या चंद्रकोरीसारखा दिसतो. आबांनी डोळा लावला आणि उसळलेच. "अरं ही तर चंद्राची कोर हाय! येड्यात काढतो व्हय रं आमाला?" मी त्यांची हनुवटी धरून मान वर केली. वर चंद्र होता, चांगला अर्धा. "मग तो वरती कोण आहे आबा?" आबांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला, पुन्हा वर बघितलं. सगळे हसले. आबाही हसले शेवटी.

त्या दिवसापासून गस्त संपली. नुसती संपली नाही — अख्खं गाव शुक्र ओळखायला लागलं. कुणाला कुठं काही चमकताना दिसलं की लोक एकमेकांना सांगायचे, "इलासचा शुक्र हाय त्यो, जा झोप." मी कॉलर ताठ करून फिरायचो. गावातला एक खुळचटपणा मी काढून टाकला म्हणून. आता लिहिताना वाटतं, मी गावाला आकाश शिकवलं नव्हतं. मला विचारायला शिकवलं होतं, एवढंच.

त्याच वर्षीचा एप्रिल संपत आला होता. माझी पहिली पाळी, म्हणून दुपारी चारलाच घरी. संध्याकाळी ओसरीत खुर्ची टाकून मोबाइल घेऊन बसलो होतो. घरच्या ग्रुपवर माझ्या मेहुण्यानं — इंजिनिअर आहे बरं का तो — एक फॉरवर्ड टाकला होता. सगळे ग्रह एका रेषेत येणार, त्या रात्री गुरुत्वाकर्षण कमी होणार, पाण्याची भांडी झाकून ठेवा, गरोदर बायकांनी बाहेर पडू नये. माझं डोकं सणकलं. मी उत्तर लिहायला घेतलं. माझी उत्तरं लांबलचक असतात, तुम्हाला माहीतच आहे.

तेवढ्यात समोरून पारूमावशी आली. आबांची बायको. पायरीखाली उभी राहिली. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण मी नुकताच पहिला परिच्छेद पाठवला होता आणि त्यावर वेळ उमटलीय — सात वाजून वीस मिनिटं.

"इलास, अरं हितनं त्या सोंडंवर दिवा दिसतोय बग. ह्ये दुपारधरनं म्हस बगाया गेल्यात, अजून आलं न्हाईत. त्येंचीच बॅटरी असंल का रं?"

मी मान वर केली नाही. अंगठे चालूच होते. म्हणालो, "शुक्र हाय मावशी. मावळंल तासाभरात. आबा बसलं असतील पारावर."

"शुक्र व्हय?" मावशी म्हणाली. "मंग ठीक."

आणि गेली. आत माझी बायको सुनंदा भाकरी थापत होती, तिनं विचारलं, "काय म्हणत होत्या मावशी?" मी म्हणालो, "काही नाही." आणि पुढचं लिहायला लागलो.

दुसरा परिच्छेद झाला, तिसरा झाला. चौथ्यात मी मेहुण्याला चांगला कोपऱ्यात घेतला. लिहिलं की, बाबा रे, सगळे ग्रह एका वेळी संध्याकाळी दिसणारच नाहीत, कारण शुक्र सध्या पहाटे पूर्वेला दिसतो, संध्याकाळच्या आकाशात तो…

तिथं माझा अंगठा थांबला.

मार्चमध्येच शुक्र संध्याकाळच्या आकाशातून गेला होता. त्याच दिवशी सकाळी साडेपाचला, कंपनीच्या बसची वाट बघताना, मी स्वतः दोघा पोरांना तो पूर्वेला दाखवला होता. त्याला पंधरा तासही झाले नव्हते! आणि मावशीला मी काय सांगितलं? मोबाइलवर आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

अनवाणीच अंगणात आलो. पश्चिमेला, जरा उजवीकडे वर, गुरू होता. तो असायलाच हवा होता, त्या दिवसांत तो तिथंच दिसायचा. पण त्याच्या बराच डावीकडे, खाली सोंडेवर, दुसरा एक उजेड होता. पांढरा. लुकलुकत नव्हता, हलत नव्हता. विझत आलेल्या वणव्याचा ठिपका असता तर लाल दिसला असता. टॉवरचा दिवा असता तर उघडझाप झाली असती, आणि त्या सोंडेवर टॉवर नाहीच.

सवयीनं मी हात लांब करून मूठ धरली. पसरलेल्या हाताची मूठ म्हणजे आकाशातले साधारण दहा अंश, हे मी लोणावळ्यात पोरांना शिकवतो. गुरू आणि तो उजेड यांच्यात किती मुठी, ते मोजलं. पाच-सात मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. गुरू किंचित खाली सरकला होता. आकाशातलं सगळंच सरकतं. हा उजेड होता तिथंच होता.

आणि मग मला दिसलं ते. लोणावळ्याच्या अंगाला आकाशात कायम एक पिवळट झाक असते, रस्त्यांच्या आणि हॉटेलांच्या दिव्यांची. तिच्यावर आमच्या डोंगराची काळी रेषा स्वच्छ उमटते. तो उजेड त्या रेषेच्या वर नव्हता. खाली होता. डोंगराच्या अंगावर. कुठलाही ग्रह डोंगराच्या अलीकडे येत नाही हो! नुसती मान वर केली असती ना मी सात वाजून वीस मिनिटांनी, तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं ते मला कळलं असतं.

खुंटीवरची हातात धरायची छोटी दुर्बीण आणून डोळ्याला लावली. ही एक गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बॅटरी असो, कंदील असो, त्या दुर्बिणीतून निदान जास्त प्रखर तरी दिसायला हवा. आजूबाजूची झुडपं मोठी झाली, खडक मोठे झाले. उजेड होता तेवढाच राहिला. लेन्स पुसली, दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. तेवढाच.

धावत समोर गेलो. मावशी चुलीपाशी होती. "मावशी, आबा आले?" न्हाई म्हणाली. "त्यांची बॅटरी कुठाय?" तिनं भिंतीकडं बोट केलं. बॅटरी खुंटीला होती, लाल दोरीनं टांगलेली.

मावशीनं बॅटरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मंग त्यो दिवा कुनाचा?" आणि जरा थांबून म्हणाली, "तू तर म्हनलास शुक्र हाय…"

रागानं नाही म्हणाली. साधं म्हणाली. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

आबांचा पुतण्या दत्ता टेम्पो चालवतो, तो नुकताच घरी आला होता. त्याला घेतलं, आणखी चौघे आले. वर जायला एकच पायवाट आहे. दुसऱ्या अंगाला सरळ कडा आहे, तिथून माकड उतरलं तर उतरलं. आम्ही निघालो. उजेड समोर दिसत होता, सगळ्यांना दिसत होता. दत्ता म्हणाला, "आबाच हायत, मोबाइलचा उजेड दावत असत्याल." पण आबांचा मोबाइल जुना, बटणांचा, त्यातला दिवा कधीच गेलेला. मी तर त्यांना एक फोनसुद्धा लावला नव्हता. मावशीनं लावला होता, बंद येत होता.

निम्म्या वाटेवर एक वळण आहे. तिथं डोंगराचा एक फुगवटा आडवा येतो आणि वरचं दहा मिनिटं काही दिसत नाही. फुगवटा ओलांडून वर आलो तर उजेड नव्हता. नुसता अंधार. आम्ही हाका मारल्या. उत्तरादाखल म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. म्हैस एका जुन्या दगडखाणीच्या काठाला उभी होती आणि खाली बघत होती.

आबा खाणीत होते. दीड-दोन पुरुष खोल. म्हशीच्या मागं जाताना काठ ढासळला होता आणि एक चांगला मोठा दगड त्यांच्या उजव्या पायावर आला होता. शुद्धीत होते. ओठ फुटलेले, आवाज बसलेला. दत्ता खाली उतरला, मी उतरलो. आम्ही दगडाला हात घातला तर आबा आमच्याकडं बघेनात. वर, खाणीच्या काठावरच्या खडकाकडं बघत होते.

"त्यो कुटं गेला?" आबा म्हणाले.

"कोण आबा?"

"वर बसला व्हता त्यो."

आम्ही दगड सरकवला आणि आबा बेशुद्ध झाले.

घोंगडीची झोळी करून खाली आणलं, दत्ताच्या टेम्पोतून तळेगावला दवाखान्यात. जीव वाचला. पाय नाही वाचला. गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, दगडाखाली रक्त फार वेळ बंद राहिलं, तासभर आधी आणलं असतं तर आम्हाला प्रयत्न करून बघता आला असता. शांतपणे म्हणाले ते. सगळ्या नातेवाइकांना सांगतात तसं. बाकीच्यांनी मान हलवली. मी भिंतीला टेकलो. तो तास कुठं गेला हे त्या कॉरिडॉरमध्ये दोघांनाच माहीत होतं, मला आणि मावशीला. मावशी खाली बघत होती.

आणि गाव काय म्हणायला लागलं? विलासनं वाचवलं! सगळ्यांना शुक्र वाटला असता, पण त्यानं मोजून ओळखलं की हा शुक्र नाही. ग्रामपंचायतीनं बोलावून शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मी घेतला नारळ. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सरपंचांचं भाषण सुरू झालं आणि मी गप्प बसलो. घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं आधी शाल माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "त्यांना सांगा. आबांना. तुम्हीच सांगा." शाल तिनं कपाटात वरच्या कप्प्यात टाकली.

मावशीला मी विचारलं, तू कुणाला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगून पाय यील का माघारी?" आबांना? "त्येंना तर अजिबात न्हाई. त्येंचा तुज्यावर लय जीव हाय."

पण माझ्या डोक्यात तो उजेडही होता. पुढच्या रविवारी सकाळी मी एकटा वर गेलो. टेप घेऊन गेलो, होकायंत्र घेऊन गेलो, सगळा सरंजाम. खाणीच्या तळातून गाव दिसत नाही, नुसतं आकाश दिसतं. म्हणजे तळातून आबांनी काही दाखवलं असतं तरी खाली कुणाला दिसलं नसतं. काठावर तो खडक आहे, बसायला सपाट. त्याच्यावर मी बसलो. समोर दोन टेकाडं आहेत, त्यांनी सगळं गाव झाकून टाकलंय. शाळा नाही, पार नाही, आबांचं घरसुद्धा नाही. दोन टेकाडांच्या फटीतून एकच घर दिसतं. माझं. दुर्बीण लावली तर सुनंदा वाळत घातलेले कपडे काढत होती, आणि ओसरीत माझी खुर्ची होती.

तेव्हा उजेड त्या खडकावरच होता, एवढं मी शपथेवर सांगतो. दिशा जुळते, उंची जुळते. पण उजेड कुणाचा? पायवाट एकच, तिच्यावर आम्ही सहा जण होतो, आणि आमच्या समोरून कुणी खाली उतरलं नाही. एप्रिलची धूळ — म्हशीचे खूर होते, आमच्या चपलांचे ठसे होते, आबांच्या पायताणाचे होते. खडकाभोवती काही नव्हतं. कुणी ट्रेकर? आमच्या सोंडेवर ट्रेकर येत नाहीत, आणि आला असता तर जखमी म्हाताऱ्याला सोडून उजेड लावून बसला असता का? ड्रोन? हो, मी, या विलासनं, तेही तपासलं. ड्रोन एका जागी अर्धा-पाऊण तासाच्या वर टिकत नाही. हा उजेड मावशीनं सव्वासातला बघितला आणि आम्ही नऊ वाजेपर्यंत बघत होतो.

मे संपताना आबा घरी आले. पडवीत खाट टाकली होती. दुपारची वेळ, मावशी शेतात गेलेली. मी जाऊन बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मग एका दमात सांगून टाकलं. आबा, मावशी आधी माझ्याकडं आली होती. सात वाजून वीस मिनिटांनी. दिवा दिसतोय म्हणाली. मी बघितलंही नाही. मोबाइलमध्ये तोंड घालून बसलो होतो, खुर्चीतनं उठलो नाही. शुक्र आहे म्हणून सांगितलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस मी, पण फुटलं.

मला वाटलं आबा शिव्या देतील. दिल्या असत्या तर सुटलो असतो. ते माझ्याकडं टक लावून बघत राहिले. चिडलेले नव्हते. काहीतरी आठवत असल्यासारखे.

"तू खुर्चीत बसला व्हतास?" आबा म्हणाले.

"व्हय."

"आसं हाय तर त्ये…" म्हणाले, आणि थांबले.

मी म्हणालो, काय आबा?

"दिस बुडल्याव त्यो आला. वर खडकावर बसला. उजेड व्हता त्येच्यापाशी, हातात न्हवता, नीट सांगता यायचं न्हाई मला. त्वांड दिसलं न्हाई. मी म्हनलं, बाबा, येवडा दगूड सरकीव. तर म्हनला, मला न्हाई उचलता येत. पानी दे म्हनलं तर काय बोलला न्हाई. नुसता खालच्या अंगाला बगत बसला." आबांनी तोंडावरून हात फिरवला. "मधनंमधनं म्हनायचा, 'बसलाय अजून.' जरा येळानं पुन्हा, 'बसलाय अजून.' मला वाटलं म्हशीचं सांगतोय. म्हस बसली आसंल म्हनलं. मंग लय येळानं म्हनला, 'उठला.'"

पडवीत ऊन आलं होतं. 

"आवाज कसा होता आबा?"

"मानसासारका. आपल्यातलाच."

मग आबा खाली बघायला लागले. पाय असायचा तिथं, घडी घातलेल्या धोतराकडं. त्यांनी फक्त एक विचारलं.

"किती येळ बसला व्हतास रं?"

"पन्नास मिनिटं," मी म्हणालो.

आबांनी खाटेवर कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. मी तसाच बसून राहिलो, मावशी शेतातून आली तेव्हा उठलो.

आज आबा माझ्याशी बोलतात. चिडवतातही. पण दिवस मावळताना ते खाट आत घ्यायला लावतात, आणि मी ओसरीत खुर्ची टाकत नाही. खडकावर कोण बसलं होतं ते मला माहीत नाही. मोजता येईल ते सगळं मोजलं, विचारता येईल त्याला विचारलं, हाती काही लागलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर खाली लिहा, मी खवचटपणा करणार नाही, वचन देतो. पण खरं सांगू? आता मला तो उजेड तेवढा छळत नाही. मावशी पायरीखाली उभी होती, नवरा आला नाही म्हणून सांगत होती, आणि मी मान वर केली नाही… ती का केली नाही, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.